बालसंगोपन : वजनाचा काटा आणि वाढीची रेघ

आपले मूल नीट वाढत आहे की नाही, ही चिंता मूल पाळण्यात असल्यापासून आईबापांच्या मनात असते. परंतु तान्हेपणी ती चिंता वाहण्यास पुष्कळ हात पुढे येतात. अंगणवाडीत वजन होते, लस टोचण्याच्या निमित्ताने डॉक्टरांची गाठ पडते, घरातील वडीलधारी माणसे बाळास तेल लावता लावता त्याच्या हातापायांचा अंदाज घेतात. मूल शाळेत जाऊ लागले की हे हात एकेक करून मागे सरतात. पाचव्या वर्षानंतर मूल आजारी पडेल तेव्हाच त्यास डॉक्टरांकडे न्यावयाचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. आणि नऊ ते बारा या वयात, जेव्हा शरीर पुन्हा एकदा झपाट्याने बदलू लागते, नेमक्या त्याच वेळी त्याच्या वाढीची परीक्षा पाहुण्यांच्या शेऱ्यांवर व गेल्या वर्षीच्या गणवेशावर सोपविलेली असते.

या वयाच्या मुलांविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी जबलपूरच्या एका भगिनीचे पत्र आज विचारार्थ घेत आहोत. जबलपूर मराठी माणसास परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून तेथे मराठी घरे नांदत आहेत, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर व जबलपूर ही एकाच राज्यातील शहरे होती. या भगिनीच्या घरी दोन मुले आहेत. थोरली मुलगी ११ वर्षे २ महिन्यांची. तिचे वजन एका वर्षात ३३ किलोवरून ३९ किलोवर गेले. "मुलीची जात आहे, आताच आवर घाला", असे म्हणून सासूबाईंनी तिच्या पोळीवरचे तूप व संध्याकाळचे दूध बंद केले. शेजारच्या मुली तिला एका नावाने चिडवतात, म्हणून ती आताशा खेळावयासही खाली उतरत नाही. धाकटा मुलगा साडेनऊ वर्षांचा. तो २२ किलोवरून साडेबावीस किलोवर आला. "बापाच्या वळणावर गेला आहे, हेही लहानपणी काडीच होते", असे म्हणून घरातील सर्वजण निश्चिंत आहेत. आत्याबाईंनी आणलेली एक महाग पावडर मात्र त्यास दुधातून दिली जाते. मुलीचे आणखी काय बंद करावे आणि मुलास कोणते टॉनिक सुरू करावे, असे दोन प्रश्न या भगिनीने विचारले आहेत.

सुदैवाने त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दोन्ही वर्षी नोंदविलेली उंचीही त्यांनी पत्रात उतरवून दिली. मुलगी १३८ सेंटिमीटरवरून १४६ वर गेली आहे. मुलगा १२५ वरून १२८ वर. हे चार आकडे वजनाच्या आकड्यांशेजारी मांडले म्हणजे घरातील सारी चिंता चुकीच्या मुलापाशी जाऊन बसली आहे, असे दिसून येते. ज्या मुलीच्या ताटातील तूप काढून घेतले, तिची वाढ उत्तम चालली आहे. ज्या मुलाविषयी कोणास काळजी नाही, त्यालाच डॉक्टरांकडे नेणे आवश्यक आहे. असे आम्ही का म्हणतो, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट अशी की या वयात नुसते वजन काहीच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ५ ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत वयानुसार उंचीचा तक्ता १९ वर्षांपर्यंत आहे. परंतु वयानुसार वजनाचा तक्ता १० वर्षांवरच थांबविला आहे. हे विसरून झालेले नाही. दहाव्या वर्षाच्या सुमारास काही मुले एकदम उंच होऊ लागतात, तर काहींना त्यासाठी आणखी दोनतीन वर्षे लागतात. जे मूल उंच होत आहे, त्याचे वजन वाढणारच. त्याची हाडे लांब होतात, स्नायू भरतात, रक्त वाढते. अशा मुलास त्याच वयाच्या, पण अजून उंच न होऊ लागलेल्या मुलाशेजारी काट्यावर उभे केले, तर निरोगी मूल लठ्ठ ठरेल. म्हणून दहा वर्षांनंतर वजन नेहमी उंचीच्या संगतीनेच वाचावे.

त्यासाठी एक साधे गणित आहे. किलोतील वजनास मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. येणाऱ्या संख्येस शरीरभारांक म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ती बीएमआय या नावाने येते. बेल्जियममधील केतले या गणितज्ञाने १८३० नंतरच्या काळात हे सूत्र मांडले. वर सांगितलेल्या मुलीचा हा अंक गेल्या वर्षी १७.३ होता व आज १८.३ आहे. जागतिक संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलींचा मध्यांक सुमारे १७.३ येतो, आणि जादा वजनाची रेषा २० च्या आसपास सुरू होते. म्हणजे मुलगी लठ्ठ नाही, लठ्ठपणाच्या उंबरठ्यावरही नाही. तिने वर्षात ६ किलो कमावले हे खरे, पण त्याबरोबर ८ सेंटिमीटर उंचीही कमावली. मुलाचा अंक १४.१ वरून १३.७ वर उतरला आहे. याच वयाच्या मुलांचा मध्यांक १६ च्या थोडा वर असतो, आणि १३.६ च्या आसपास कृशतेची रेषा आहे. तो त्या रेषेस जाऊन टेकला आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. प्रौढांच्या बाबतीत हा अंक साडेअठराच्या खाली गेला तर ती व्यक्ती कृश समजली जाते. हीच फूटपट्टी मुलांना लावणारे पालक पुष्कळ भेटतात. दहा वर्षांच्या मुलाचा मध्यांकच सुमारे १६.४ व मुलीचा १६.६ आहे. प्रौढांचा नियम लावला तर आपल्या देशातील बहुतेक सर्व सुदृढ मुले उपाशी ठरतील आणि घरोघर त्यांच्या तोंडात बळेबळे घास कोंबले जातील. मुलांचा अंक मुलांच्याच तक्त्यावर, वय व लिंग पाहून वाचावयाचा असतो.

दुसरी गोष्ट अशी की एकदा घेतलेले माप म्हणजे नुसता एक ठिपका. दुसऱ्यांदा माप घेतले म्हणजे रेघ तयार होते, आणि खरे बोलते ती रेघ. फ्रान्समधील माँबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत, म्हणजे तो अठरा वर्षांचा होईपर्यंत, वरचेवर मोजून लिहून ठेवली. एकाच मुलाच्या वाढीची इतकी दीर्घ नोंद त्यापूर्वी कोणी ठेवल्याचे आढळत नाही. त्या नोंदीवरून आजही शास्त्रज्ञ विद्यार्थ्यांना शिकवितात की वाढीचा वेग जन्मानंतर घटत जातो, बालपणी बराच काळ संथ राहतो आणि वयात येताना एकदम उसळी घेतो. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात देशभरातील मुलांची मापे घेतली. अलीकडे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलामुलींसाठी सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. बालरोगतज्ज्ञांकडे हे तक्ते मिळतात.

तक्त्यावर एकाखाली एक अशा अनेक वळणदार रेषा असतात. त्यांचा अर्थ कठीण नाही. एकाच वयाची शंभर मुले उंचीप्रमाणे ओळीने उभी केली आहेत अशी कल्पना करावी. पंचविसावी रेषा म्हणजे त्या रांगेत ठेंगण्या टोकाकडून पंचविसावे मूल. पंचविसाव्या रेषेवर असणे म्हणजे परीक्षेत पंचवीस गुण मिळविणे नव्हे. जे मूल वर्षानुवर्षे आपली पंचविसावी रेषा धरून चालले आहे, त्याची वाढ अगदी ठीक आहे. परंतु जे मूल पंचाहत्तराव्या रेषेवरून पन्नासाव्यावर व तेथून पंचविसाव्यावर घसरत आले, ते आजही 'मध्यम' दिसत असले तरी त्याची चौकशी केली पाहिजे. मूल कोठे उभे आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेने चालले आहे, हे पालकांनी पाहावे.

आता मुलीचा विचार करू. मुलींच्या वाढीची उसळी साधारणपणे १० ते १२ या वयात येते, मुलांची १२ ते १४ मध्ये. म्हणून पाचवी-सहावीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात, आणि नववीपर्यंत चित्र पालटते. उसळीच्या ऐन भरात मुलगी एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटर वाढते. या काळात कंबर व मांड्या भरणे हे निसर्गाच्या योजनेतच आहे. त्यास लठ्ठपणा म्हणू नये. ऋतुप्राप्ती बहुधा या उसळीच्या शिखरानंतर होते. ती झाल्यावर मुलीची उंची आणखी सरासरीने पाचसात सेंटिमीटर वाढते आणि मग थांबते. म्हणजे दहा ते तेरा ही तीनचार वर्षे ती आयुष्यभराची उंची व हाडांतील चुन्याचा साठा गोळा करीत असते. या वेळी तिचे दूध तोडणे म्हणजे घराचा पाया भरत असताना विटांची गाडी परत पाठविणे होय. पुढे वीस वर्षांची झाल्यावर कितीही दूध पाजले तरी गेलेली उंची परत येत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या मानाप्रमाणे १० ते १२ वर्षांच्या मुलीस दररोज ३३ ग्रॅम प्रथिने, ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम व २८ मिलिग्रॅम लोह लागते. त्याच वयाच्या मुलास प्रथिने ३२ ग्रॅम, कॅल्शियम तेवढेच, आणि लोह १६ मिलिग्रॅम. हे आकडे घरातील ताटे वाढणाऱ्या प्रत्येक भगिनीने एकदा शांतपणे वाचावेत. प्रथिने व चुना यांत मुलीचा वाटा रतिभरही कमी नाही, आणि लोहात तर तो मुलापेक्षा पुष्कळ मोठा आहे. परंतु आपल्या घरांत मुलगी 'अंगाने सुटली' की तिच्या ताटावर नजर जाते, आणि मुलाच्या ताटात एक वाटी अधिक पडते. ही रीत मोडल्यावाचून मुलींचा रक्तक्षय हटणार नाही.

आणखी एक नुकसान काट्यावर दिसत नाही. अकरा-बारा वर्षांची मुलगी आपल्या बदलत्या देहाने आधीच गोंधळलेली असते. त्यातच घरच्या माणसांनी तिला चारचौघांत एखादे टोपणनाव ठेवले, पंगतीत तिचा हात धरला, तर ती लपून खाऊ लागते किंवा खाणेच टाकते; आणि खेळ तर सर्वांत आधी सुटतो. वजनावरून लाजविलेली मुले त्यामुळे सडपातळ होत नाहीत. उलट त्यांचे वजन पुढे अधिक वाढते, असा अनुभव आहे. मुलाच्या देहावर शेरे न मारण्याचा नियम घरात सर्वांना लागू असावा, आणि तो पाहुण्यांनाही नम्रपणे सांगावा. सासूबाईंचा हेतू नातीच्या हिताचाच आहे. त्यांना वाढीचा तक्ता दाखवावा. आजीबाईंना तो सुनेच्या युक्तिवादापेक्षा लवकर पटेल.

याचा अर्थ मुलांचे वाढते वजन ही चिंतेची बाब कधीच नसते, असा मात्र नव्हे. शरीरभारांकाची रेघ वर्षभरात दोन रेषा ओलांडून वर गेली, मूल झोपेत मोठ्याने घोरू लागले, किंवा मानेवर व काखेत काळसर मखमली पट्टा दिसू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. हा पट्टा मळाचा समजून आया तो घासत बसतात. वस्तुतः शरीरातील इन्शुलिनचे काम बिघडत असल्याची ती खूण असू शकते. आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. नुसते जास्त खाल्ल्याने जाड झालेले मूल सहसा उंचही असते. जे मूल जाड होत आहे, परंतु ज्याची उंची वाढत नाही, त्याच्या थायरॉइड ग्रंथीत किंवा अन्य अंतःस्रावांत दोष असण्याचा संभव असतो. अशा मुलास उपास घडवून काही साधत नाही. त्याची तपासणीच झाली पाहिजे.

सडपातळ दिसणारी मुलेही या बाबतीत निर्धास्त नसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास १९९३ पासून चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील बालकांचे साडेतीन किलो. ही बालके स्नायूंनी व अवयवांनी बारीक होती, पण त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून कृश व आतून चरबीयुक्त, अशी ही आपल्याकडील ठेवण आहे. म्हणून बारीक मुलास बिस्किटे, फरसाण व गोड पेये देऊन वजन वाढविणे हा उपाय नव्हे. त्याने चरबी वाढेल. स्नायू व उंची वाढणार नाही.

आता मुलाकडे वळू. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत निरोगी मूल दरवर्षी पाच-सहा सेंटिमीटर उंच होते व दोनतीन किलो वजन मिळविते. या मुलास वर्षात ३ सेंटिमीटर व अर्धा किलो मिळाले. शाळेत एका वर्षी बुटांसकट व दुसऱ्या वर्षी अनवाणी उंची घेतली गेली असण्याचा संभव असतो, म्हणून प्रथम घरी नीट माप घ्यावे. परंतु वजनही थांबले आहे आणि मूल कृशतेच्या रेषेस टेकले आहे. अशा वेळी आणखी सहा महिने वाट पाहत बसणे योग्य नव्हे.

"बापाच्या वळणावर गेला" या म्हणण्यात तथ्य असते, आणि ते तपासताही येते. आईची व वडिलांची उंची मिळवावी. मुलगा असेल तर त्यात १३ सेंटिमीटर मिळवावेत, मुलगी असेल तर १३ वजा करावेत, आणि निम्मे करावे. वडील १६८ व आई १५४ सेंटिमीटर असतील, तर मुलाची प्रौढ उंची १६७ ते १६८ च्या आसपास, आठ सेंटिमीटर इकडेतिकडे, अपेक्षित धरता येते. काही घराण्यांत मुले उशिरा वयात येतात व कॉलेजात गेल्यावर ताडासारखी वाढतात, हेही खरे आहे. पण ठेंगण्या घराण्यातील मूलही दरवर्षी आपल्या रेषेवर वाढत राहते. वाढ मंदावली असेल, तर तिचे खापर आनुवंशिकतेवर फोडण्यापूर्वी आजार नाही याची खात्री करून घ्यावी.

असे आजार कोणते? जंत व रक्तक्षय हे पहिले. दीर्घकाळचा खोकला व बारीक ताप असेल तर क्षयाचा विचार करावा लागतो. थायरॉइडची मंदता, मूत्रपिंडाचे विकार, सतत उसळणारा दमा यांनीही वाढ खुंटते. जबलपूरकडील पालकांनी आणखी दोन आजार ध्यानात ठेवावेत. एक सिकलसेल. महाकोशल व विदर्भ या दोन्ही भागांत तो आढळतो. फिकटपणा, वरचेवर कावीळ झाल्यासारखे पिवळे डोळे आणि हातापायांत उठणाऱ्या तीव्र कळा ही त्याची लक्षणे. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोल येथे सुरू झाली, आणि त्याची रक्ततपासणी शासकीय केंद्रांत होते. दुसरा आजार सीलिएक, म्हणजे गव्हातील एका प्रथिनाने आतड्याच्या अस्तराची हानी होणे. उत्तर व मध्य भारतातील गहू खाणाऱ्या प्रदेशांत तो दुर्मिळ नाही. पोट फुगणे, वरचेवर जुलाब, फिकटपणा ही लक्षणे असतात. पण कित्येक मुलांत खुंटलेली उंची एवढेच लक्षण असते. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. शंका आली म्हणून तपासणीपूर्वीच घरी गहू बंद करू नये. गहू बंद केला की रक्ततपासणीत रोग लपून जातो, आणि निदान कायमचे संदिग्ध राहते.

डॉक्टर मुलाची मापे तक्त्यावर मांडतील, रक्त तपासतील, आणि बहुधा डाव्या हाताच्या मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र घेतील. त्यावरून हाडांचे वय कळते, आणि मूल खरोखर मागे राहिले आहे की नुसते उशिरा वाढणार आहे, याचा अंदाज येतो. ही तपासणी वेळेवर झाली पाहिजे, कारण हाडांची टोके एकदा सांधली गेली की कोणतेही औषध उंची वाढवू शकत नाही. टॉनिकाच्या बाटल्यांत व 'उंची वाढविणाऱ्या' पावडरींत पैसा घालविणाऱ्या घरांत या मोलाच्या वर्षांचाही व्यय होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे. आत्याबाईंचा डबा म्हणून आभार मानून बाजूस ठेवावा.

वयात येण्याच्या वेळेकडेही लक्ष असावे. मुलीत आठव्या वर्षापूर्वी किंवा मुलात नवव्या वर्षापूर्वी वयात येण्याच्या खुणा दिसल्या, अथवा मुलीत तेराव्या व मुलात चौदाव्या वर्षापर्यंत एकही खूण दिसली नाही, तर संकोच न धरता डॉक्टरांना विचारावे. लवकर वयात येणारे मूल वर्गात उंच दिसते व आईबापांना कौतुक वाटते. परंतु त्याची वाढ लवकर थांबून ते पुढे ठेंगणे राहण्याचा धोका असतो.

आहाराविषयी दोन्ही मुलांना एकच सल्ला द्यावा लागतो, ही गंमत नाही, वस्तुस्थिती आहे. वाढत्या मुलास पोळी किंवा भाकरी, घट्ट वरण अथवा उसळ, एक पालेभाजी, एक फळ, आणि दूध किंवा दही रोज मिळावे. चालत असेल त्या घरी अंडी, मासळी द्यावी. जबलपूरकरांचे भाग्य असे की हिवाळ्यात जिल्ह्यातील हिरवा मटार मुबलक असतो, तलावांतील शिंगाडे बाजारात येतात, आणि मंडला-दिंडोरीकडील कोदो-कुटकी आता शहरातही मिळते. मटाराची उसळ, कुटकीची खिचडी, शेंगदाणा-गुळाची वडी, वर लिंबू पिळलेली भिजविलेली हरभऱ्याची डाळ हे पदार्थ कोणत्याही पावडरीपेक्षा सरस व स्वस्त आहेत. लिंबाने धान्यातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवितो. जबलपूरची खोव्याची जलेबी सणास अवश्य खावी. ती मधल्या सुट्टीचा खाऊ होऊ नये. शाळेच्या ५० मीटरच्या आत अति चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. नियमास पालकांची जोड मिळाली तरच त्याचा उपयोग.

खेळ व झोप यांनाही आहाराइतकेच स्थान आहे. दररोज एक तास घाम येईपर्यंत खेळ, आणि ६ ते १२ या वयात रात्री ९ ते १२ तास झोप, असे तज्ज्ञ सांगतात. वाढीचा अंतःस्राव गाढ निद्रेत अधिक स्रवतो. मोबाइल उशाशी घेऊन अकरापर्यंत जागणाऱ्या मुलास आपण खाऊ घालतो, पण वाढू देत नाही. मुलीने खेळणे सोडले आहे, ही तिच्या सहा किलोंपेक्षा अधिक गंभीर बाब समजून ती प्रथम दुरुस्त करावी.

हा प्रश्न एकट्या घराचा नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या दर शंभर मुलांत २२ मुले ठेंगणी व २३ कृश आढळली. १० ते १९ या वयात २४ कृश व ५ जादा वजनाची. म्हणून शासनानेही शाळकरी वयासाठी सोयी केल्या आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्यपथक शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करते, आणि दोष आढळल्यास जिल्हा रुग्णालयाकडे पाठविते. जंताची गोळी साधारणतः १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट रोजी दिली जाते. लोहाची साप्ताहिक गोळी पाच ते नऊ वर्षांसाठी गुलाबी, दहा वर्षांवरील मुलामुलींसाठी निळी असते. जबलपुरास १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि १९८४ पासून जनजातींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही तेथेच आहे. अशा शहरात मुलास दाखविण्यास जागा नाही, असे म्हणता येणार नाही.

शेवटी घरी माप कसे घ्यावे, ते सांगतो. सपाट भिंतीशी मुलास अनवाणी उभे करावे. टाचा, पाठ व डोक्याचा मागचा भाग भिंतीस टेकलेला, नजर समोर, वेणी किंवा अंबाडा सोडलेला असावा. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीस काटकोनात धरून खूण करावी व शेजारी तारीख लिहावी. माप दोनदा घ्यावे. सकाळपेक्षा संध्याकाळी उंची किंचित कमी भरते, म्हणून वेळ एकच ठेवावी. वजनासाठी काटा तोच व कपडे हलके असावेत. मात्र दर आठवड्यास मुलास काट्यावर चढवू नये. त्याने मूल घाबरते आणि ज्ञान काहीच मिळत नाही. वर्षातून दोनदा पुरे. वर्षप्रतिपदा व दसरा या दोन दिवसांत सुमारे सहा महिन्यांचे अंतर असते. दोन्ही दिवशी घरात सर्वजण असतात, आणि विसरण्याचा प्रश्न येत नाही. त्या दिवशी घरातील सर्वच मुलांची मापे एका वहीत लिहावीत, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.

जबलपूरच्या भगिनीस आमचे सांगणे थोडक्यात असे : मुलीचे दूध व तूप आजच पुन्हा सुरू करावे आणि तिला खेळावयास पाठवावे. मुलास याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, प्रगतिपुस्तक सोबत घ्यावे, आणि तपासणी होईपर्यंत त्याच्या पोळीत काही बदल करू नये.